नाळ पडली का?

आमच्या मुलीचा जन्म झाला तेव्हा पुण्याहून आईचा प्रत्येक फोनवर एकच प्रश्न असे, "नाळ पडली का रे?" आम्ही दोघे हसायचो. त्या प्रश्नामागचे शास्त्र मला बऱ्याच वर्षांनी वाचनात आले. मी इंजिनिअर, वैद्यकातला नव्हे; तेव्हा समजले तसे सांगतो.

बोटात काच गेली की पांढऱ्या पेशी तिथे धावून जातात, हे आपण शाळेत शिकलो. पण रक्त तर सतत वाहत असते. नेमके इथेच उतरायचे, हे त्यांना कोण सांगते? रक्तवाहिनीची भिंतच सांगते! १८६७ साली युलिउस कोनहाइम या जर्मन शास्त्रज्ञाने बेडकाच्या बारीक शिरांतून या पेशी बाहेर पडताना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या.

जखमेतून हिस्टामिनसारखे रासायनिक निरोप आले, की शिरेच्या अस्तरातील पेशी आत साठवलेले पी-सिलेक्टिन हे प्रथिन काही मिनिटांत पृष्ठभागावर आणतात. ई-सिलेक्टिन नव्याने बनवावे लागते, त्याला काही तास लागतात. या सैल पकडीने पांढऱ्या पेशींचा वेग मंदावतो आणि त्या भिंतीवरून घरंगळू लागतात. मग अस्तरावरील रासायनिक खुणांमुळे त्यांच्या अंगावरची इंटिग्रिन नावाची प्रथिने जागी होतात व भिंतीवरच्या आयकॅम-१ला घट्ट धरतात. पेशी थांबते, सरपटत जागा शोधते आणि बहुधा दोन अस्तरपेशींच्या सांध्यातून बाहेर पडते.

फार थोड्या बाळांत इंटिग्रिनचा एक भाग जन्मतःच सदोष असतो. रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर, पण त्यांना बाहेरच पडता येत नाही. जंतुसंसर्ग वारंवार होतो, पू मात्र होत नाही. नाळ गळायलाही याच पेशींची मदत लागते, म्हणून ती रेंगाळते. आजार तीव्र असेल आणि वेळीच अस्थिमज्जारोपण झाले नाही, तर यातली बरीच मुले पहिल्या दोन वर्षांतच दगावतात.

नाळ उशिरा पडणारी बहुतेक बाळे ठणठणीत असतात, हेही सांगायला हवे. पण तीन आठवडे उलटूनही ती पडली नाही, किंवा बेंबीभोवती लाली, सूज दिसली, तर डॉक्टरांना जरूर दाखवा. आणि भारतातून आजीचा फोन आला, तर आमच्यासारखे हसू नका.