बोट ओळखणारं यंत्र

रेडमी नोट ४ हा फोन १९ जानेवारी २०१७ रोजी भारतात आला. दोन जीबी रॅमचा सर्वांत स्वस्त नग ९,९९९ रुपयांना आणि चार जीबीचा १२,९९९ रुपयांना होता. पहिल्या ४५ दिवसांत दहा लाख आणि सहा महिन्यांत पन्नास लाख फोन विकल्याचं कंपनीने जाहीर केलं. त्या वर्षी देशात सर्वाधिक खपलेल्या फोनांत त्याचं नाव अगदी वर होतं.

हे यश एकट्या फोनचं नव्हतं, मुहूर्ताचंही होतं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली होती आणि मार्च २०१७ पर्यंत इंटरनेट फुकट होतं. पण जिओवर बोलायलासुद्धा फोर-जीचाच फोन लागे. ८ नोव्हेंबरला नोटाबंदी झाली, ३० डिसेंबरला ‘भीम’ ॲप आलं. फुकट नेट, खिशात नोटा नाहीत आणि पैसे पाठवायची नवी वाट, असं सगळं जुळून आल्यावर दहा हजारांचा दणकट फोन खपला नसता तरच नवल. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी तो सहजी मिळत नसे. ऑनलाइन सेल ठरल्या वेळी सुरू होई आणि काही मिनिटांत आटपे. मग नागपूरला शिकायला असलेल्या भाच्याला किंवा पुतण्याला कामाला लावायचं, नाहीतर दुकानदाराला हजार-पाचशे वरून द्यायचे.

यंत्र म्हणून नोट ४ प्रामाणिक होता. आत स्नॅपड्रॅगन ६२५ ही चिप होती. ती फार वेगवान नव्हती, पण वीज कमी खाई आणि मानाने थंड राही. बॅटरी ४,१०० एमएएचची, त्यामुळे सकाळी चार्ज केलेला फोन रात्रीपर्यंत चाले. ज्या भागात शेतीच्या फीडरला वीज आठवड्यात काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते, तिथे हा गुण कॅमेऱ्यापेक्षा मोठा. डोक्यावर इन्फ्रारेडचा एक बारीक डोळा होता, त्यातून टीव्हीचा रिमोट होई. पोरांनी त्याचा उपयोग मुख्यतः हॉटेलातल्या टीव्हीचं चॅनेल गुपचूप बदलायला केला. सिमच्या ट्रेमध्ये मात्र कंपनीने चिंगूसपणा केला. दुसरं सिम घाला नाहीतर मेमरी कार्ड घाला, दोन्ही नाही. शहरात हा प्रश्न फारसा आला नसेल. वरोऱ्याहून शेगाव, चिमूरकडे निघालं की जंगल दाट होत जातं तशी रेंज विरळ होते. कुठे एका कंपनीची दांडी दिसते, कुठे दुसऱ्या कंपनीची. तिथे दोन सिम ही चैन नसते. मग फोटो आणि लग्नाचे व्हिडिओ फोनच्याच पोटात भरायचे आणि वर्षभरात ‘मेमरी फुल’ची पाटी वाचायची.

वरोऱ्याला यंत्राचं नावीन्य नाही. इथल्या कोळशासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा एकोणिसाव्या शतकात आला. ती जुनी खाण १९०६ मध्ये बंद पडली, रेल्वे राहिली आणि पुढे बल्लारशाकडे गेली. आज तालुक्यात औष्णिक वीज प्रकल्प आहेत, आसपास वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या (वेकोलि) खाणी आहेत, आणि त्यांच्यामधून कापूस, सोयाबीन, तूर पिकते. या मुलखात मोबाईलने काय केलं ते मोजक्या शब्दांत सांगता येतं. कापसाचा भाव अडत्याच्या आधी शेतकऱ्याला कळू लागला. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना पुण्याचा क्लास घरी मिळाला. चहाच्या टपरीवर क्यूआर कोड लागला. पुण्या-हैदराबादला कामाला गेलेल्या लेकाचं तोंड आईला रोज दिसू लागलं. रात्रपाळीच्या विजेवर ओलीत करायला जाणाऱ्याच्या हाती टॉर्च आली, आणि चंद्रपूर जिल्ह्यात रात्रीच्या वावरात टॉर्च म्हणजे काय, हे ज्याच्या बांधावर वाघाचे पंजे उमटतात त्याला विचारावं. ताडोबाच्या गाभ्यात सफारीला जाताना पर्यटकांना मोबाईल बाहेर ठेवावा लागतो. जंगलाच्या कडेच्या गावकऱ्याला तो बाहेर ठेवून चालत नाही. त्याच फोनवर कुठल्या तरी दुसऱ्याच राज्यातल्या वाघाचा जुना व्हिडिओ ‘आपल्या रोडवरचा, आत्ताचा’ म्हणून फिरतो आणि सगळं गाव दाराला कडी लावून बसतं, हा त्याचा दुसरा पराक्रम.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये गुगलने मराठीत बोलून टाइप करण्याची सोय दिली. ज्यांना अक्षर जुळवायला जड जाई त्यांच्यासाठी ही क्रांतीच. मात्र त्या यंत्राने शिकलेली मराठी पुस्तकी वळणाची आहे. वऱ्हाडीत किंवा झाडीबोलीत मोकळेपणी बोललं की ते अडखळतं, आणि मग माणूसच यंत्राला समजेल असं बोलू लागतो.

आता नोट ४ जिथे कमी पडला ते. सॉफ्टवेअरचं वय शरीराच्या आधी संपलं. हा फोन अँड्रॉइड ६ घेऊन आला, ७ वर पोहोचला आणि तिथेच थांबला. कंपनीची शेवटची मोठी सुधारणा एमआययूआय ११ ही. त्यानंतर काही नाही. हौशी मंडळींनी ‘मिडो’ या त्याच्या सांकेतिक नावाखाली पुढच्या अँड्रॉइडच्या आवृत्त्या बनवल्या, पण फोन फ्लॅश मारून घेणं हे सगळ्यांना झेपणारं काम नाही. कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये जाहिराती घुसडल्या गेल्या, हे मला आजही खटकतं. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूने घरात बसून आणखी वस्तू विकाव्यात, हे कोणत्या धंद्याच्या नीतीत बसतं?

मग उन्हाळा. फोनच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान साधारण ३५ ते ४० अंशांपर्यंतचं असतं. चंद्रपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो, कधी ४७-४८ गाठतो. लिथियमची बॅटरी इतक्या उष्णतेत चार्ज करणं धोक्याचं, म्हणून फोन स्वतःच चार्जिंग मंद करतो, पडदा अंधुक करतो, शेवटी बंद पडतो. दुपारी बारा वाजता शेतात उभं राहून पडद्यावर काही वाचायचं तर आधी टॉवेल डोक्यावरून ओढून सावली करावी लागते. दोन-तीन उन्हाळे सोसले की बॅटरी फुगते आणि मागचं झाकण उचललं जातं. वरोऱ्याच्या बाजारात दुरुस्तीवाल्यांच्या काउंटरवर फुटलेला डिस्प्ले, सैल झालेली चार्जिंग पिन आणि फुगलेली बॅटरी ही तीन दुखणी नेहमीची.

ही दुखणी यंत्राची झाली, पैसे टाकले की बरी होतात. खरी गोष्ट पुढे आहे. २०१७ मध्ये फोन ही सोय होती. पाच-सात वर्षांत तो अट झाला.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी सातबाऱ्यावर पीक तलाठी चढवायचा, बऱ्याचदा चावडीत बसून. आता शेतकऱ्याने स्वतः वावरात जाऊन, जीपीएस सुरू ठेवून पिकाचा फोटो काढायचा आणि ॲपवर टाकायचा. कल्पना उत्तम आहे. आपल्या पिकाची नोंद आपण करावी, यासारखी लोकशाही नाही. पण फोटो वावरातून हवा आणि रेंज गावात, ॲप नवं आणि फोन जुना, मुदतीच्या शेवटच्या दिवसांत सर्व्हर बसलेला. दरवर्षी मुदतवाढ द्यावी लागते यातच सगळं आलं. नोंद राहिली तर विमा, अनुदान आणि हमीभावाची खरेदी या सगळ्यात अडचण. शेवटी राहिलेल्या नोंदींसाठी गावोगाव सहायक नेमायची वेळ सरकारवर आलीच, म्हणजे तलाठ्याच्या जागी दुसरा माणूस आला. पिकाचं नुकसान झालं तर विम्याची सूचना २०२५ पूर्वी ७२ तासांत द्यावी लागे. रिचार्ज संपलेला असेल तर हे तास फार लवकर सरत.

अंगणवाडी सेविकांनी या अटीला उघड उत्तर दिलं. त्यांना सरकारी कामासाठी २०१९ मध्ये दोन जीबी रॅमचे फोन मिळाले होते. २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ हे नवं ॲप आलं. ते त्या फोनवर नीट चालेना आणि त्याची भाषा इंग्रजी. बालकांची वजनं, उंची, गरोदर बायकांच्या नोंदी, सगळं त्यातच भरायचं. फोन हँग झाला तरी काम सेविकेचं अपुरं, फोन बिघडला तर दुरुस्तीचा भुर्दंडही तिलाच. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यभरच्या सेविकांनी मोर्चे काढून ते फोन प्रकल्प कार्यालयांत परत केले. फुकट मिळालेला मोबाईल परत करण्याचं आंदोलन जगात फार ठिकाणी झालं नसावं. माझ्या मते आपल्याकडच्या तंत्रज्ञानावरची ती सर्वांत नेमकी टीका आहे, आणि ती एकही लेख न लिहिता झाली.

वरोऱ्यात या प्रश्नाला एक आणखी टोक आहे. गावाबाहेर नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर आनंदवन चौक आहे आणि चौकापासून जवळच आनंदवन. १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली. पत्नी साधनाताई, दोन मुलं, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि चौदा रुपये एवढ्यावर इथलं काम सुरू झालं. ज्या हातांना समाजाने शिवायचं नाकारलं त्या हातांनी इथे विहिरी खोदल्या, शेती केली, हातमाग चालवले, पत्र्याचे डबे बनवले.

कुष्ठरोगाचा जंतू चेतातंतूंवर बसतो. बहुविध औषधोपचार १९८० च्या दशकात आले आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला, पण गेलेला चेतातंतू परत येत नाही. बोटं वाकून राहतात, झिजतात, काहींची आखूड होतात. घाम आणणारे तंतूही मरतात, त्यामुळे कातडी कोरडी आणि भेगाळ होते. आता नोट ४ च्या पाठीवरचा, बोटाचा ठसा ओळखून फोन उघडणारा गोल खड्डा डोळ्यांसमोर आणा. त्याला बोटावरच्या रेषा हव्यात, किंचित ओलावा हवा, आणि बोट सपाट टेकलेलं हवं. समोरच्या काचेला निदान कातडीचा पुरेसा स्पर्श हवा. वाकलेल्या बोटाच्या पेराने काम भागतं, पण छोट्या बटणावर नेम धरणं कठीण. आणि संवेदना नसलेल्या हाताला तापलेला फोन चटका देतो हे कळत नाही, जखम झाल्यावर दिसतं.

फोन उघडायला निदान पिन टाकता येते. रेशनच्या मशीनवर आणि बँकेच्या आधार व्यवहारात ती सवलत सहजी मिळत नाही. ‘थंब येत नाही’ हे वाक्य या जिल्ह्यात फक्त कुष्ठमुक्तांचं नाही. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन कापणाऱ्या आणि कापूस वेचणाऱ्या बायकांची बोटं पाहावीत. वाळल्या शेंगांची टोकं आणि बोंडाच्या कडा बोटांची सालं काढतात. हात जितका राबलेला तितका मशीनला अनोळखी.

यावर उपाय म्हणून चेहरा आला. नोव्हेंबर २०२१ मध्ये निवृत्तिवेतनधारकांच्या हयातीच्या दाखल्यासाठी चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय सुरू झाली. घरबसल्या, साध्या फोनच्या कॅमेऱ्यावर. बोटं गेलेल्यांसाठी हा मोठाच दिलासा, असं वाटलं तर चूक नाही. पण समोर फोटो नाही, जिवंत माणूस आहे याची खात्री करायला ते ॲप डोळ्यांची उघडझाप करायला सांगतं. कुष्ठरोगाने चेहऱ्याचा चेतातंतू दुखावला असेल तर पापणी मिटत नाही. वैद्यकात ही जुनी, ठाऊक असलेली विकृती आहे. ज्याने हे ॲप लिहिलं त्याच्या डोळ्यांसमोर हा माणूस आला नसणार. त्यात दुष्टपणा नाही. पण बोट चाललं नाही म्हणून चेहरा मागायचा आणि चेहऱ्याने पापणी मिटवली नाही म्हणून पुन्हा रांगेत पाठवायचं, याला दुसरं काय म्हणावं?

न्यायाने हेही सांगायला हवं की ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी याच फोनने जे केलं ते कुठल्याही सरकारी योजनेने केलं नाही. पडद्यावरचं वाचून दाखवणारी सोय अँड्रॉइडमध्ये फुकट असते. आनंदवनातल्या अंध विद्यालयासारख्या शाळांतून बाहेर पडणाऱ्या तरुणांना आज पेपर ऐकता येतो, पैसे कुणाला न दाखवता पाठवता येतात, पत्र स्वतः लिहिता येतं. अडतं ते सरकारी संकेतस्थळावर, जिथे वाकडीतिकडी अक्षरं ओळखून भरायला सांगतात. खाजगी दुकान दार उघडतं आणि सरकारी खिडकी बंद होते, हा क्रम उलटा असायला हवा होता.

नोट ४ आता म्हातारा झाला. काही घरांत तो मुलांच्या कार्टूनसाठी उरला आहे, काही ठिकाणी आजीच्या भजनांसाठी. त्याच्यावर माझा राग नाही. दहा हजारांत त्याने दिलं ते पुष्कळ दिलं, आणि जे त्याला जमलं नाही ते जमेल असा शब्द त्याने कधी दिला नव्हता. तो शब्द त्याच्या वतीने कार्यालयांनी दिला. फोन कमी पडला की आज कागदावर माणूस कमी पडल्याची नोंद होते: ओळख पटली नाही, माहिती भरली नाही, मुदतीत अर्ज आला नाही. ही नोंद करण्याची पद्धत बंद झाली पाहिजे. त्यासाठी फोन बदलायची गरज नाही. तहसील कार्यालयात, रेशन दुकानात आणि बँकेत एक वही आणि ओळखीचा साक्षीदार चालवून घेण्याची गरज आहे.

आणखी एक मागणी. राज्यभर लागू करायचं प्रत्येक सरकारी ॲप आधी वरोऱ्यात तपासावं. मुंबईच्या वातानुकूलित खोलीत नको. मे महिन्यात, दुपारी, दोन जीबी रॅमच्या जुन्या फोनवर, आनंदवनातल्या माणसांच्या हातांनी. तिथे चाललं तर महाराष्ट्रात कुठेही चालेल.