पोटातली चरबी आणि पोटावरची

हैदराबादमधल्या आयटी कंपन्यांतल्या ३४५ कर्मचाऱ्यांची तपासणी झाली, तेव्हा त्यातल्या ८४ टक्के लोकांच्या यकृतात प्रमाणाबाहेर चरबी आढळली. ७१ टक्के लोक स्थूल गटात मोडत होते. हैदराबाद विद्यापीठातल्या संशोधकांचा हा अभ्यास २०२५ च्या सुरुवातीला ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात छापून आला. दिवसभर खुर्ची, रात्री-अपरात्री शिफ्ट आणि मोबाइलवरून मागवलेलं खाणं, हे त्यामागचं चित्र कुणालाही ओळखता येईल. पण याच मंडळींना विचारा की नेमकं काय कमी करायचंय, तर यकृताचं नाव क्वचितच निघेल. बोट जाईल ते बेंबीखालच्या वळीकडे, नाहीतर पॅंटच्या पट्ट्यावरून बाहेर डोकावणाऱ्या कमरेकडे. बाकी सगळं उतरलं, एवढंच जात नाही, ही ठरलेली तक्रार.

पहाटे केबीआर पार्कभोवतीच्या पायवाटेवर किंवा नेकलेस रोडला चालणाऱ्यांच्या गप्पा याच विषयावर रंगतात. रिकाम्या पोटी चालायचं की काही खाऊन? तासभर सावकाश की वीस मिनिटं धापा टाकत? भात सोडायचा की तूप? या प्रश्नांची उत्तरं बऱ्यापैकी मिळालेली आहेत, आणि ती बहुतेकांना वाटतात त्यापेक्षा कमी महत्त्वाची आहेत. जी चरबी आरशात दिसते आणि छळते ती खरंच चिवट असते, पण तिचा उपद्रव थोडा. जी दिसत नाही, आतड्यांभोवती आणि यकृतात साठते, ती घातक. आणि तीच आधी हटते. लोक पहिलीच्या मागे लागतात, ती दाद देत नाही म्हणून कंटाळून सगळंच सोडून देतात, आणि दुसरी निवांत परत येते.

आपल्याकडे ही दुसरी चरबी जास्त का, याचं सर्वांत बोलकं उदाहरण एका फोटोत आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचा शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला गेला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. म्हणजे कागदावर दोघेही सडसडीत. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण मोजलं तर युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचं २१.२ टक्के निघालं. उंचीला शोभेल इतकंच वजन, पण त्यात स्नायू कमी आणि मेद दुपटीहून जास्त. अंगानं बारीक आणि आतून मेदस्वी हा भारतीय बांधा तेव्हापासून जगभरच्या वैद्यकात चर्चेला आला.

याज्ञिकांच्या गटानं त्याचा माग थेट पाळण्यापर्यंत काढला. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं उंची, स्नायू, पोटातले अवयव या सगळ्यांत मागे होती, पण खांद्याच्या फऱ्यापाशी चिमटीत धरून मोजलेली चरबी जवळजवळ तेवढीच. टंचाईतसुद्धा शरीरानं मेद राखला आणि स्नायूत काटकसर केली.

याची दुसरी बाजू हैदराबादजवळ पाहायला मिळाली. तारनाक्याची राष्ट्रीय पोषण संस्था मूळची १९१८ साली कुन्नूरला सुरू झालेली आणि १९५८ मध्ये हैदराबादला आलेली. या संस्थेनं १९८७ ते १९९० या काळात आसपासच्या २९ गावांत एक प्रयोग केला. काही गावांत अंगणवाडी योजनेतून गरोदर बायकांना आणि लहान मुलांना रोज पूरक आहार दिला, बाकीच्या गावांत ही योजना तोवर पोहोचलेली नव्हती. ती मुलं १३ ते १८ वर्षांची झाल्यावर पुन्हा मोजली. आहार मिळालेली मुलं सरासरी १४ मिलिमीटर उंच होती. चरबीच्या प्रमाणात फारसा फरक नव्हता, पण इन्शुलिनला त्यांचं शरीर अधिक चांगली दाद देत होतं. तिशीत जिमची फी भरताना आपण ज्याच्याशी झगडत असतो, त्यातला काही भाग आईच्या ताटात ठरून गेलेला असतो.

म्हणूनच भारतीयांसाठी मोजपट्ट्या कडक आहेत. बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त, २५ ला स्थूलता. कमरेचा घेर पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० च्या वर नको. आणि हा घेर पॅंटच्या नंबरावरून काढायचा नसतो. पॅंट पोटाच्या खाली बसते. नंबर चौतीसच राहतो आणि पोट पुढे जात राहतं. शेवटच्या बरगडीचं खालचं टोक बोटानं चाचपायचं, कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा चाचपायचा, आणि दोन्हींच्या बरोबर मध्ये टेप आडवी, कातडीला टेकेल पण रुतणार नाही अशी धरायची. श्वास सहज सोडायचा आणि तेव्हाचा आकडा लिहायचा. पोट आत ओढायचं नाही. फसवायला समोर कुणीच नसतं.

आता त्या चिवट वळीकडे. चरबीच्या पेशीतला साठा बाहेर काढायचा हुकूम अॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं देतात. पेशीवर हा हुकूम घेणारे ग्राहक दोन तऱ्हेचे असतात. बीटा ग्राहक साठा सोडायला लावतात, अल्फा-२ ग्राहक अडवतात. मांड्या, नितंब, कमरेच्या बाजू आणि पोटाच्या कातडीखालचा थर इथे अल्फा-२ चं पारडं जड असतं. तिथे रक्तपुरवठाही तुलनेनं कमी, त्यामुळे सुटलेला मेद वाहून नेणारं कुणी पटकन भेटत नाही. आतड्यांभोवतीच्या चरबीचं उलट. तिथे बीटा ग्राहकांचं राज्य असतं आणि रक्त थेट यकृताकडे जातं. म्हणून ती घातक, कारण तिचा मेद आधी यकृतावर येऊन आदळतो. आणि म्हणूनच ती आज्ञाधारक. व्यायाम सुरू केला की काट्यावर वजन फारसं हललं नाही तरी ही आतली चरबी कमी होते, असं अनेक चाचण्यांत दिसलं आहे. बायकांच्या मांड्यांवरची चरबी तर हृदयविकाराचा धोका थोडा कमीच असण्याशी जोडलेली आढळते. तिला शत्रू समजायचं कारण नाही.

पोटाचे व्यायाम करून पोटाची चरबी जाते, हा समज मात्र काही केल्या जात नाही. १९७१ साली अमेरिकेत टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले. वर्षानुवर्षं रॅकेट फिरवणारा हात जाड होता, पण कातडीखालच्या चरबीचा थर दोन्ही हातांत सारखाच. १९८४ च्या एका प्रयोगात तरुणांनी २७ दिवसांत प्रत्येकी ५००४ सिट-अप काढल्या. पोट, पाठ आणि नितंब इथून सुईनं चरबीचे नमुने आधी आणि नंतर घेतले. पेशी आकुंचल्या, पण तिन्ही जागी सारख्याच. पोटाला काही खास सवलत मिळाली नाही. घाम काढणाऱ्या पट्ट्यांबद्दल तर बोलायलाच नको. चरबी घामावाटे जात नाही. दहा किलो चरबी जळली तर त्यातली ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासावाटे बाहेर पडते, उरलेलं पाणी. हा हिशोब ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडला आहे.

मग कार्डिओ कोणता? ट्रेडमिलवर ‘फॅट बर्निंग’ असा पट्टा रंगवलेला असतो. त्यात तथ्य आहे ते इतकंच, की सावकाश चालताना खर्च होणाऱ्या ऊर्जेत चरबीचा वाटा मोठा असतो. जोरात पळताना तो वाटा घटतो, पण एकूण खर्च वाढतो, आणि दिवसभराच्या हिशोबात दोन्ही बरोबरीला येतात. २०१७ मध्ये १३ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. धापा टाकायला लावणारे तुकड्यातुकड्यांचे व्यायाम आणि एकसंध मध्यम गतीचा व्यायाम, दोन्हींनी चरबी आणि कमरेचा घेर सारखाच कमी केला. पहिल्याला वेळ सुमारे ४० टक्के कमी लागला, हा त्याचा खरा फायदा. तो गुडघे शाबूत असलेल्यांसाठी. दहा वर्षं खुर्चीत काढलेल्या पंचेचाळीस वर्षांच्या माणसानं सोमवारी उठून बर्पी मारायला लागू नये. रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी आणि महिनाभर तरी झपझप चालावं.

रिकाम्या पोटाचंही असंच. २०१४ मध्ये २० तरुणींवर चार आठवडे प्रयोग झाला. निम्म्या उपाशीपोटी व्यायाम करत, निम्म्या खाऊन. आहार दोन्ही गटांचा आखून दिलेला. शेवटी चरबीत फरक नाही. प्रयोग लहान आहे हे खरं, पण उलट सांगणारा भक्कम पुरावाही पुढे आलेला नाही. सकाळी चहावर चालायला जमत असेल तर जावं, इडली खाऊन जमत असेल तर तसं. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र उपाशीपोटी लांब चालण्याआधी डॉक्टरांना विचारावं, वाटेत साखर एकदम उतरू शकते.

गणित थोडं बोचरं आहे. सत्तर किलोचा माणूस अर्धा तास झपझप चालला तर साधारण १४० कॅलरी खर्च होतात. तेवढ्या कॅलरी ४० ग्रॅम तांदळात असतात. कच्चा तांदूळ, मूठभर. त्यामुळे चालून बिर्याणी फिटत नाही, आणि चालून आल्यावर इराणी चहासोबत उस्मानिया बिस्किटांची बशी संपवली तर हिशोब उलटाच होतो. व्यायामाची किंमत कॅलरीत करणं हीच मुळात चूक आहे. तो आतली चरबी हटवतो, स्नायूंना साखर उचलायला लावतो, उतरलेलं वजन परत चढू देत नाही. वजन उतरवण्याचं मुख्य काम ताट करतं.

ताटाच्या बाबतीत पंथ पुष्कळ. अमेरिकेत ६०९ जणांवर वर्षभर झालेल्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले, कमी स्निग्धाचा आहार घेणाऱ्यांचं वजन सरासरी ५.३ किलो उतरलं आणि कमी कर्बोदकांचा घेणाऱ्यांचं ६ किलो. हा फरक नगण्य होता. चीनमधल्या ग्वांगझूला १३९ लोकांनी वर्षभर कॅलरी कमी केल्या. त्यातल्या निम्म्यांना सकाळी आठ ते दुपारी चार एवढ्याच वेळात खायची मुभा होती. तिथेही फरक ठरण्यासारखा नव्हता. घड्याळ लावून खाल्ल्यानं ज्यांचं खाणं आपोआप आटोक्यात येतं त्यांनी जरूर तसं खावं. आपल्या घरच्या उपासाला हे श्रेय देता येत नाही. तुपात परतलेली साबुदाण्याची खिचडी आणि वर बटाट्याचा कीस, यानं इंग्रजी नावाचा कोणताच फास्ट घडत नाही.

भारतीय ताटाचं खरं दुखणं तृणधान्यांचं आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये जी आहारतत्त्वं जाहीर केली त्यात म्हटलं आहे की एकूण ऊर्जेपैकी ४५ टक्क्यांहून जास्त धान्यातून येऊ नये. प्रत्यक्षात आपण ५० ते ७० टक्के त्यातूनच घेतो. दिवसाला २००० कॅलरींसाठी संस्थेनं सुचवलेलं ताट असं: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, दूध-दही ३०० मिलिलिटर, सुकामेवा आणि तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७. पाव किलो धान्य म्हणजे दिवसभराच्या पोळ्या, भात, पोहे, डोसे, बिस्किटं सगळं धरून. आणि ८५ ग्रॅम डाळ म्हणजे वाटीभर पातळ वरण नव्हे. अशा वाटीत जेमतेम तीस ग्रॅम डाळ आणि सहा-सात ग्रॅम प्रथिनं असतात. सत्तर किलोच्या माणसाला दिवसाला किमान ५८ ग्रॅम प्रथिनं लागतात, वजन उतरवताना त्याहून थोडी जास्तच, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही जातात. आपल्या बांध्यात ते आधीच तोकडे. म्हणून ताटात एक पोळी कमी आणि उसळ, दही, अंडं किंवा मासा जास्त, आणि आठवड्यातून दोनदा वजन उचलणं. ‘कार्डिओ कोणता’ या वादापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

ज्वारी-बाजरीचं कौतुक करताना एक लक्षात ठेवावं. ज्वारीच्या पिठात गव्हाइतक्याच कॅलरी असतात. भाकरी तंतूंमुळे पोट लवकर भरवते, साखर सावकाश चढवते, हे तिचे गुण. पण चार भाकऱ्या या चार भाकऱ्याच.

किती उतरवायचं? यकृतातली चरबी कमी व्हायला वजनाच्या ५ टक्के घट पुरते. ऐंशी किलोच्या माणसाला चार किलो. सात ते दहा टक्क्यांत यकृताची सूजही उतरायला लागते. एवढं झालं, घेर नव्वदच्या आत आला, साखर आणि रक्तदाब जागेवर आले, आणि तरी बेंबीखाली चिमटीत येईल एवढं काही उरलं, तर तो प्रश्न शर्टाच्या मापाचा आहे. तो सोडवायचा असेल तर जरूर सोडवावा, पण सावकाश. कातडीखालचा तो थर सर्वांत शेवटी जातो आणि उपासमारीनं घाई केली तर त्याच्याआधी दंडाचे स्नायू जातात.

हायटेक सिटी आणि गच्चीबावलीत अमेरिकेच्या घड्याळावर जगणाऱ्यांसाठी आणखी एक आकडा आहे. २०१० साली शिकागोमध्ये जास्त वजनाच्या दहा माणसांना प्रयोगशाळेतच ठेवून त्यांना दोन आठवडे साडेआठ तास झोपेची आणि दुसऱ्या वेळी दोन आठवडे साडेपाच तास झोपेची संधी दिली. कॅलरी दोन्ही वेळा सारख्याच कमी केलेल्या. वजन दोन्ही वेळा साधारण तीन किलो उतरलं. पण पुरेशा झोपेत त्यातली १.४ किलो चरबी होती, अपुऱ्या झोपेत फक्त ०.६ किलो, बाकीची घट चरबी सोडून स्नायू वगैरे इतर भागांची. पहाटे तीनला शिफ्ट संपवून साडेसहाला केबीआर पार्क गाठणाऱ्यानं त्या दिवशी चालायला न जाता झोपून राहिलेलं जास्त बरं.