विश्वास कोणाला दिसतो? सुरतेच्या इतिहासातील काही नोंदी

ख्रिस्तावरील विश्वासाने विश्वासणाऱ्याच्या नित्याच्या जीवनात दिसण्याजोगा पालट होतो काय, असा प्रश्न निघाला म्हणजे आपण सहसा आपल्याच मंडळीतील साक्षींकडे वळतो. अमक्याची दारू सुटली, तमक्याच्या घरातील भांडणे मिटली, हे ऐकून आपण देवाचे उपकार मानतो, आणि ते योग्यच आहे. परंतु अशा साक्षींत सांगणारा विश्वासणारा असतो आणि ऐकणाराही विश्वासणाराच असतो. मंडळीबाहेरच्या मनुष्याला काय दिसले, हे आपण क्वचितच विचारतो. सुरत शहराच्या इतिहासात मात्र अशा बाहेरच्यांच्या साक्षी नोंदल्या गेल्या आहेत; आणि त्यांतील पहिली आपणांस मान खाली घालावयास लावणारी आहे.

एडवर्ड टेरी हा इंग्रज धर्मोपदेशक १६१६ साली सुरतेजवळच्या सुवाळी बंदरात उतरला आणि पुढे जहांगीर बादशहाकडे आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो याच्या परिवारात उपाध्याय म्हणून राहिला. त्याचा प्रवासग्रंथ १६५५ साली प्रसिद्ध झाला. आपल्याच देशबांधवांविषयी त्याने जे लिहिले आहे ते वाचवत नाही. जेथे इंग्रजांची गलबते लागत तेथील रहिवाशांनी ख्रिस्ती धर्माविषयीचे आपले मत खलाशांच्या मद्यपानावरून, मारहाणीवरून व शिवीगाळीवरून बनविले होते, आणि हा धर्म सैतानाचाच असला पाहिजे असे ते टेरीच्या समक्ष बोलून दाखवीत. बाजारात कोणी भाव पाडून मागितला तर दुकानदाराला राग येई तो, गिऱ्हाइकाने आपणांस ख्रिस्ती मनुष्यासारखे लबाड समजावे याचा!

त्या दुकानदाराने नवा करार वाचला नव्हता. वाचणे शक्यही नव्हते. लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर व विल्यम फायवी यांचे सुरतेतील काम १८१५ साली सुरू झाले आणि शास्त्र गुजराती भाषेत छापून निघाले ते त्यानंतर. मधली दोनशे वर्षे सुरतकरांपुढे जे उघडे पुस्तक होते ते म्हणजे ख्रिस्ती म्हणविणाऱ्यांचे वागणे. इंग्रजांच्या वखारीत उपासना होत नव्हती असे मात्र नव्हे. पुढे सतराव्या शतकाच्या अखेरीस सुरतेस आलेला जॉन ओव्हिंग्टन हा दुसरा इंग्रज धर्मोपदेशक तेथील नित्यप्रार्थनांचे व रविवारच्या उपासनांचे वर्णन करतो. पण उपासना चाले ती वखारीच्या भिंतींच्या आत, आणि व्यवहार चाले तो भिंतींच्या बाहेर. शेजाऱ्याचा संबंध दुसऱ्याशीच येणार.

आता दुसरी साक्ष. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, हे महाराष्ट्रात शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. त्या लुटीतून जी थोडी घरे वाचली त्यांविषयी फ्रांस्वा बर्निए या फ्रेंच वैद्याने लिहून ठेवले आहे. इंग्रज व डच यांच्या वखारी वाचल्या, कारण ते शस्त्र घेऊन निकराने उभे राहिले. कपुचिन संघाचे धर्मगुरू फादर अँब्रोज यांचे घर मात्र महाराजांनी आपण होऊन वगळले. हे पाद्री भले लोक आहेत, त्यांना उपद्रव देऊ नये, असा त्यांचा अभिप्राय बर्निए नमूद करतो. बर्निए स्वतः त्या वेळी सुरतेत नव्हता. त्याने ऐकीव वृत्तांत दिला आहे, हे लक्षात ठेवावे. तरीही त्या वृत्तांताला पुष्टी देणारी एक गोष्ट आहे. १६६६ साली सुरतेत आलेला तेव्हेनो हा प्रवासी सांगतो की, ख्रिस्ती लोकांतील तंटे फादर अँब्रोज तोडीत, मोगल अधिकारी त्यांचा शब्द मानीत, आणि एखादा ख्रिस्ती मनुष्य निंद्य आचरण करू लागला तर त्याला तुरुंगात घालण्यासही ते कचरत नसत. ही शेवटची रीत आज आपणांस रुचणार नाही. परंतु टेरीच्या काळातील सुवाळी बंदर डोळ्यांपुढे आणले म्हणजे त्या कठोरपणाचे कारण समजते.

येथेच लेख थांबविला असता तर तो फार सोयीचा झाला असता. पण बर्निएने त्याच ठिकाणी आणखी एका घराचा उल्लेख केला आहे. डच वखारीचा एक हिंदू दलाल होता. तो पूर्वीच वारला होता. हयातीत तो मोठा दानशूर होता असे कळल्यावरून महाराजांनी त्याचेही घर सोडले. म्हणजे पाद्र्याचे घर आणि ख्रिस्ताचे नाव न घेणाऱ्याचे घर, ही दोन्ही एकाच कसोटीला उतरली.

मग विश्वासाने विशेष काय केले? हा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा दुसरा अध्याय या दृष्टीने पुन्हा वाचावा. नियमशास्त्र न मिळालेले परराष्ट्रीय स्वभावतः नियमशास्त्रातील गोष्टी आचरतात, असे तो तेथे मान्य करतो. आणि त्याच अध्यायात, देवाच्या लोकांच्या वर्तनामुळे परराष्ट्रीयांत देवाच्या नावाची निंदा होते, असेही बजावतो. डच वखारीचा दलाल आणि सुवाळीचे खलाशी हे दोघेही त्या एका अध्यायात आहेत. सदाचरण ही आपलीच मिरास आहे असे शास्त्र कोठेच म्हणत नाही. म्हणून आपल्या चांगुलपणावरून आपल्या विश्वासाची सत्यता सिद्ध होत नाही. परंतु आपल्या दुर्वर्तनावरून जग विश्वासाला खोटे ठरविते. हा हिशेब विषम आहे खरा, पण त्याविषयी तक्रार करण्याचा अधिकार आपणांस नाही. आपण कृपेने नीतिमान ठरतो. शेजाऱ्याचे प्रशस्तिपत्रक मिळवून नव्हे. मात्र ज्याला क्षमा मिळाली तो दुसऱ्याचे देणे बुडवीत राहिला, तर त्याला क्षमा म्हणजे काय ते उमगलेच नाही, असे म्हणावे लागेल. जक्कयाचा पालट प्रथम प्रार्थनेत दिसला नाही, तो हिशेबात दिसला: ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करण्यास तो सिद्ध झाला. यरीहोच्या लोकांनी त्याचा विश्वास मोजला असेल तो हातात परत आलेल्या पैशांवरून.

डोंगरावरील प्रवचनात प्रकाश लोकांपुढे पडू द्यावा असे सांगितले आहे, आणि धर्माचरण लोकांनी पाहावे म्हणून करू नये असेही सांगितले आहे. यात विरोध नाही. जे पाहणाऱ्यासाठी केले जाते ते पाहणारा गेला की संपते. जे नित्याचे होऊन बसते ते करणाऱ्याच्या ध्यानातही राहत नाही, पण शेजाऱ्याच्या राहते.

आजची सुरत हिऱ्यांची व कापडाची. खानदेशातून व विदर्भातून आलेली हजारो मराठी कुटुंबे उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत राहतात. त्यांत यंत्रमागावर रात्रपाळी करणारा एखादा विश्वासणारा असेल. त्याची मंडळी कोणती, तो कोणता मतांगीकार म्हणतो, हे त्याच्या खोलीच्या मालकाला ठाऊक नसते. भाडे वेळेवर येते की नाही, पगाराच्या दिवशी त्या खोलीतून बाईच्या रडण्याचा आवाज येतो की नाही, गावाकडून आलेल्या परजातीच्या सोबत्याला तेथे ताट मिळते की नाही, एवढे मात्र त्याला पुरते ठाऊक असते.