मेसेज पुढे पास करा... पण कुणाच्या हाती?

खच्चून भरलेल्या बसमध्ये कंडक्टरपर्यंत पोहोचता येत नाही, तेव्हा आपण काय करतो? 'जरा पास करा ना' म्हणत पैसे पुढच्याच्या हातात देतो. हातोहात पैसे जातात, तिकीट आणि सुट्टे परत येतात. 'मेश नेटवर्क' अगदी असंच चालतं. टॉवर नको, इंटरनेट नको. तुमचा मेसेज ब्लूटूथवरून शेजारच्या फोनमध्ये, तिथून पुढच्या, तिथून आणखी पुढच्या. मधले सगळे अनोळखी!

आयडिया झकासच. हाँगकाँगच्या आंदोलनांत २०१४ मध्ये 'फायरचॅट' आणि २०१९ मध्ये 'ब्रिजफाय' धडाधड डाउनलोड झाली ती यामुळेच. पण २०२० मध्ये लंडनच्या रॉयल हॉलोवेमधल्या संशोधकांनी ब्रिजफायची झडती घेतली आणि फुगा फुटला. मेसेज वाचता येत होते, दुसऱ्याच्या नावाने पाठवता येत होते आणि मुद्दाम रचलेल्या एकाच मेसेजने अख्खं नेटवर्क आडवं करता येत होतं. रस्त्यावर उतरलेल्या पोरांसाठी हा खेळ नव्हता. कंपनीने त्याच वर्षी 'सिग्नल'चं एन्क्रिप्शन बसवलं. तरी २०२२ मध्ये पुन्हा भगदाडं सापडली!

आणि नुसतं कुलूप लावून भागतही नाही. पैसे पाकिटात घातले तर मधल्याला दिसणार नाहीत. पण त्याने पाकीटच खिशात टाकलं तर? 'द्या इकडे, कंडक्टर माझ्या शेजारीच आहे' अशी थाप मारणारे महाभाग इथेही असतात. 'सगळ्यात जवळचा रस्ता माझ्याकडून' असं एखादं यंत्र जाहीर करतं, सगळे मेसेज तिकडे वळतात आणि गडप होतात. याचं नाव 'ब्लॅक होल' हल्ला.

मग उपाय? नजर ठेवा! स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००० साली 'वॉचडॉग' सुचवला. वायरलेसमध्ये शेजाऱ्याने पाठवलेलं आपल्यालाही ऐकू येतं. मग त्याने मेसेज खरंच पुढे दिला का, ते ऐकायचं आणि गिळणाऱ्याचा रस्ता टाळायचा. कॉम्प्युटरवरच्या चाचणीत ४० टक्के यंत्रं दगाबाज असतानाही पोहोचणारी माहिती १७ टक्क्यांनी वाढली. अर्थात दोन लबाड एकत्र आले तर वॉचडॉगही फसतो.

२०२५ मध्ये ट्विटरचे सहसंस्थापक जॅक डॉर्सी यांनी 'बिटचॅट' आणलं. त्यालाही 'बाहेरच्या तज्ज्ञांनी सुरक्षा तपासलेली नाही' असा इशारा जोडावा लागला.

तेव्हा दोस्तांनो, असं अ‍ॅप घेताना तीन प्रश्न विचारा. बाहेरच्या कुणी तपासलंय का? मेसेज पोहोचल्याची पावती खुद्द समोरच्याकडूनच येते का? एक रस्ता अडला तर दुसरा शोधला जातो का? उत्तरं गुळमुळीत असतील, तर गप्पा खुशाल मारा. जिवावर बेतेल असं काही मात्र तिथे लिहू नका.