वाळवंटातल्या दोन कोयना

जैसलमेर जिल्ह्यात वर्षभरात सरासरी 180 मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आषाढात आंबोलीला एखाद्या दिवशी याहून जास्त कोसळतो. पण आकडा इथेच सोडून दिला तर वाळवंट कळत नाही. जैसलमेरचं क्षेत्रफळ 38,401 चौरस किलोमीटर आहे. आपला सर्वांत मोठा जिल्हा अहिल्यानगर, तो दोनदा बसवला तरी जागा उरेल. एवढ्या भूमीवर 180 मिलीमीटर पाऊस म्हणजे जवळजवळ सात अब्ज घनमीटर पाणी, आपल्या हिशेबात 244 टीएमसी. कोयनेचं धरण 105 टीएमसीचं. म्हणजे भारतातल्या सर्वांत कोरड्या जिल्ह्यांपैकी एकात दरवर्षी आभाळातून दोन कोयना काठोकाठ भरतील आणि तिसरी एक तृतीयांश भरेल इतकं पाणी उतरतं.

मग ते जातं कुठे? बहुतेक परत वर जातं. उघड्या पाण्यातून वर्षाला सुमारे 2,000 मिलीमीटर पाणी उडून जाईल इतकं ऊन आणि इतका वारा तिथे आहे; म्हणजे पडणाऱ्या पावसाच्या अकरापट. थारमधल्या माणसांनी शतकानुशतकं जे शास्त्र घडवलं, ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे: पाणी उन्हाच्या हाती लागण्याआधी लपवायचं.

याचं सर्वांत साधं रूप म्हणजे टांका. घराजवळ किंवा शेतात जमीन चोपून गुळगुळीत करायची, तिला मधल्या खड्ड्याकडे उतार द्यायचा आणि खड्डा झाकून टाकायचा. या चोपलेल्या जागेला आगोर म्हणतात. एक चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. आगोर 200 चौरस मीटरचा धरला तर वर्षाचे 36,000 लिटर होतात. निम्मं मुरलं, उडालं, वाया गेलं असं समजू, उरले 18,000. पाच माणसांच्या घराला पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी माणशी रोज 10 लिटर लागले, तर वर्षाला 18,250 लिटर हवेत. हिशेब जेमतेम जुळतो, आणि म्हणूनच पावसाआधी आगोर झाडून लख्ख केला जातो, त्यावर कुणी चप्पल घालून जात नाही, गुरं फिरकू दिली जात नाहीत. 180 मिलीमीटरमध्ये वर्ष काढायचं तर एकही सर गढूळ होऊन चालत नाही.

याहून थक्क करणारी गोष्ट कुंईची. जैसलमेर, बाडमेर, बिकानेर, चुरूच्या काही भागांत वाळूखाली जिप्सम किंवा मुरुमासारखा घट्ट थर आहे. त्याच्याखाली खोलवरचं पाणी खारं. वाळूत मुरलेला पाऊस या थरावर अडतो आणि कणाकणात ओलावा धरून राहतो. तो ओलावा काढायला चेजारो नावाचा कारागीर जेमतेम एका माणसाला बसता येईल इतक्या रुंदीची विहीर खोदत खाली उतरतो. तीस हात, कधी साठ हात. जागा अरुंद, म्हणून हत्यार छोट्या दांड्याचं. खाली जीव गुदमरतो, म्हणून वरची माणसं मूठमूठ वाळू जोरानं आत फेकत राहतात. तिच्यासोबत थोडी ताजी हवा खाली जाते आणि गरम हवा वर येते. भिंत ढासळू नये म्हणून खींप नावाच्या झुडपाचा जाड दोर वेटोळ्यांनी रचत नेतात. एवढं करून अशी कुंई दिवसाला देते दोन-तीन घडे गोडं पाणी. आपल्या शॉवरखाली ते काही मिनिटांत वाहून जातं.

तोच थर उलटूही शकतो. ऑगस्ट 2006 मध्ये बाडमेरला दोन वर्षांचा पाऊस अवघ्या तीन दिवसांत पडला. कवास गाव बुडालं, आणि खालच्या जिप्सममुळे पाणी मुरेना. ते आठवडेच्या आठवडे साचून राहिलं. पंजाबातल्या हरिकेहून निघणाऱ्या, 649 किलोमीटरच्या इंदिरा गांधी कालव्यानं लाखो हेक्टर वाळूत गहू उभा केला, हे खरंच. पण त्याच्या लाभक्षेत्रातही जिथे खाली असा अभेद्य थर होता तिथे पाणी वर आलं आणि शेतं चिभडली. कुंई खोदणाऱ्याला तो थर ठाऊक होता. त्याला विचारायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

2011 च्या जनगणनेत जैसलमेरची लोकसंख्या होती 6.7 लाख: चौरस किलोमीटरला 17 माणसं. महाराष्ट्रात हाच आकडा 365 आहे. ज्याच्या हाती नुसता नकाशा आहे त्याला 17 म्हणजे रिकामी जागा वाटते. ती रिकामी नाही, कारण तिथली मोजणी माणसांवर संपत नाही. मेंढ्या, शेळ्या, थारपारकर गाई आणि उंट मिळून जनावरं माणसांच्या कितीतरी पट आहेत, आणि त्यांचा चारा म्हणजे कमी पावसावर तगणारं सेवण गवत. त्याला दूरवर पसरलेलं मोकळं रान लागतं. ते रान राखलं ओरणांनी: देवाच्या नावानं सोडलेल्या, कुऱ्हाड न चालणाऱ्या जमिनींनी. राजस्थानात अशी सुमारे 25,000 ओरणं असावीत, सहा लाख हेक्टरांवर, असा अंदाज दिला जातो. त्यांतल्या अनेकांची सरकारी दप्तरात नोंद मात्र पडीक.

आणि पडीक जमीन कुणालाही देता येते. जोधपूरच्या उत्तरेला भडल्याचा सौर प्रकल्प 2,245 मेगावॉटचा आहे. कोयनेचा जलविद्युत प्रकल्प 1,960 मेगावॉटचा. भडल्याची क्षमता फक्त उन्हाच्या तासांची असली तरी वीज स्वच्छ आहे आणि देशाला ती हवी आहे. पण सोलापूरच्या नान्नजला ज्याच्यासाठी अभयारण्य झालं, तो माळढोक आता देशभरात जेमतेम दीडशे उरला आहे. बहुतेक सगळे जैसलमेरच्या परिसरात, आणि त्यांचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे याच विजेच्या तारा. पक्षी जड, त्याला समोरचं नीट दिसत नाही, तार दिसेपर्यंत वळायला वेळ उरत नाही. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते. चराई आक्रसल्याची झळ उंटांनाही बसली आहे: राजस्थानात 2012 ला ते 3.26 लाख होते, 2019 ला 2.13 लाख.

डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजस्थान सरकारला सगळ्या ओरणांची पाहणी करून त्यांना वन म्हणून अधिसूचित करायला सांगितलं, आणि ती राखणाऱ्या गावांचा हक्क वनाधिकार कायद्याखाली मान्य व्हावा अशी शिफारसही केली. गुराख्यांना धास्ती आहे ती वन म्हटल्यावर चराई बंद होण्याची. म्हणून या पाहणीत हद्दीच्या खुणांबरोबर कोणत्या गावची किती जनावरं कोणत्या ऋतूत तिथे चरतात, नाड्या म्हणजे गावतळी कुठे आहेत, त्यांचा आगोर कुठवर पसरला आहे, हेही कागदावर यायला हवं.