कीटकापासून किती अंतरावर?

भाद्रपदात भोरहून रायरेश्वरावर किंवा वेल्ह्याहून तोरण्यावर जाणाऱ्या आपल्या तरुणांच्या हाती हल्ली कॅमेरा असतोच. रानफुलांवरील चिमुकले जीव टिपण्यासाठी मॅक्रो लेन्स घ्यावयाची ठरली, की घरात चर्चा किमतीपाशी अडते. खरा प्रश्न अंतराचा आहे.

मॅक्रो लेन्स सेन्सरवर वस्तूची प्रतिमा मूळ आकाराएवढी उमटविते. त्यासाठी ६० मि.मी.ची लेन्स कीटकापासून जेमतेम ५ ते ९ सें.मी.वर न्यावी लागते. फुलपाखरू उडून जाते. आपलीच सावली पडते ती वेगळीच. १०० मि.मी.मध्ये सुमारे १४ सें.मी. जागा उरते, १८० मि.मी.मध्ये सुमारे २४; परंतु ती जड, महाग, आणि ढगाळ उजेडात हाती स्थिर राहणे कठीण. या गडवाटांना १०० मि.मी.च्या आसपासची लेन्स पुरेशी आहे. हिशेबी माणसाने जुनी, हाताने फोकस करावयाची घेतली तरी बिघडत नाही.

काही जण कीटकाला शीतपेटीत गारठवून छायाचित्र घेतात. आपल्या घरांतून तसे होणे नाही. पहाटे निघावे, दवाने पंख जडावलेले फुलपाखरू ऊन चढेपर्यंत जागचे हलत नाही.