नवं पेन घेतलंत? मग लिहून दाखवा!

पॉकेटमनी साठवून साठवून अखेर तुम्ही शाईचं पेन घेतलंत. फोटो काढलेत, स्टोरीही टाकलीत. पण खरी तोंडी परीक्षा पुढेच आहे. कॅन्टीनच्या टेबलाभोवती चार पेनवेडे जमलेत आणि तुम्हाला तुमचं पेन त्यांच्यासमोर ठेवायचंय. काय तयारी कराल?

किंमत सांगून सुरुवात करू नका. या मंडळींचा पहिला प्रश्न असतो, 'निब कोणती?' एफ म्हणजे फाइन, एम म्हणजे मीडियम, बी म्हणजे ब्रॉड. त्यातही गंमत अशी, की जपानी फाइन निब युरोपियन फाइनपेक्षा सहसा बारीक लिहिते. आपल्याला तर जोडाक्षरं, वेलांट्या, अनुस्वार सगळंच सांभाळायचं असतं. एकरेघी वहीत जाड निबने 'दृष्टिकोन' लिहून बघा, मग कळेल!

दुसरा प्रश्न, 'शाई कशी भरायची?' कार्ट्रिज, कन्व्हर्टर, पिस्टन की थेट ड्रॉपरने? ड्रॉपरवाल्या पेनात शाई भरपूर मावते. पण ती संपत आली की जरा जपून. आत हवा जास्त होते, हाताच्या उबेने ती प्रसरण पावते आणि शाईचा टपोरा थेंब थेट असाइनमेंटवर! त्यामुळे शाई तळाला जायची वाट न बघता पेन आधीच भरून ठेवा.

'आपलं पेन साधं, देशी आहे' म्हणून ते सॅकमधून काढायला लाजताय? अजिबात लाजू नका. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशीच्या प्रेरणेतून पेनं बनवली आणि १९३५ मध्ये खुद्द गांधीजींनी ते पेन वापरून वर्ध्याहून आभाराचं पत्र धाडलं. बंगालची सुलेखा शाई १९३४ची, त्याच स्वदेशीच्या वाऱ्यातली. आणि आपल्या दांडेकरांच्या कॅम्लिनची सुरुवातही १९३१ साली मुंबईत शाईपासूनच झाली. आजही दक्षिणेत काही कारागीर एबोनाइटच्या कांड्या लेथवर फिरवून पेनं घडवतात. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. ते वजनाला हलकं असतं आणि धातूसारखं हाताला गार लागत नाही.

आमच्या ग्रुपमध्ये एकाने महागडं इम्पोर्टेड पेन आणलं होतं. ओरखडा पडेल म्हणून त्याने त्यात शाईच भरली नव्हती. सगळ्यांनी ते हातात घेतलं, 'भारी!' म्हटलं आणि परत दिलं. शेजारी बसलेली मैत्रीण आपलं पेन काढू की नको, अशी घुटमळत होती. आजोबांच्या कपाटात सापडलेलं, टोपणावरची झळाळी गेलेलं पेन. कोमट पाण्याने धुऊन तिने ते चालू केलं होतं. पुढचा अर्धा तास तेच पेन टेबलभर फिरलं. प्रत्येकाने त्याने 'श्री' काढला, मग आपापलं नाव लिहिलं. जाताना तिला दोघांनी विचारलं, 'उद्या परत आणशील?'

काही नियम मात्र पाळा. दुसऱ्याचं पेन विचारल्याशिवाय उघडू नका. बॉलपेनसारखं दाबून लिहू नका, निबचे दोन्ही पाय फाकतात. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ इंडियन इंक चुकूनही भरू नका, ती आत वाळली की पेन तुंबलंच म्हणून समजा. शाईचा रंग बदलताना पेन आधी पाण्याने धुवा. झेरॉक्सच्या कागदावर शाई पसरते, म्हणून बरा कागद सोबत ठेवा.

आणि हो, कुणी नवखा कोपऱ्यात नुसताच बघत उभा असेल, तर तुमचं पेन आधी त्याच्या हातात द्या. टोपण काढून, निब वरच्या बाजूला धरून. पुढचं पेन बहुतेक तोच घेऊन येईल!